गिऱ्हाईक येईना, कारागीर टिकेना: ब्रिटनच्या स्पीडवेकडून शिकूया धंद्याचे धडे



आपल्या प्रत्येक बॅचमध्ये दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "सर, गिऱ्हाईक कमी होत चाललंय, काय करू?" दुसरा, "सर, पोरांना शिकवतो, शिकली की ती दुसरीकडे जातात. मग शिकवायचं तरी कशाला?" हे प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. पण हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत, असं मला हल्ली वाटायला लागलंय.

ते पटवून देण्यासाठी आज मुद्दाम एक लांबचा धंदा घेतलाय: ब्रिटनमधला स्पीडवे. तुम्ही म्हणाल, "आम्ही मसाल्याचा धंदा सुरू करणार, आम्हाला मोटरसायकलच्या शर्यतीचं काय?" थोडं थांबा. आपल्या धंद्यातल्या चुका आपल्याला दिसत नाहीत, दुसऱ्याच्या लगेच दिसतात. म्हणून आधी त्यांच्या दुकानात डोकावू, मग आपल्या.

आधी खेळ समजून घ्या

लंबगोल ट्रॅक, त्यावर बारीक दगडी चुऱ्याची माती. चार रायडर, चार फेऱ्या, साधारण एका मिनिटात खेळ खलास. मोटरसायकल ५०० सीसीची, मेथॅनॉलवर चालणारी, एकच गिअर आणि ब्रेक अजिबात नाहीत! वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवत गाडी फिरवायची. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला भोपळा. अशा १५ शर्यतींचा एक सामना. प्रत्येक शर्यतीला 'हीट' म्हणतात. यजमान संघाची हेल्मेट लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी.

झालं. खेळ समजला ना? किती वेळ लागला? अर्ध्या मिनिटाच्या वर नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एके काळी रांगा लागायच्या

हा खेळ ऑस्ट्रेलियातून ब्रिटनमध्ये आला. १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळ एपिंग फॉरेस्टमध्ये हाय बीच इथे झालेली सभा ब्रिटिश स्पीडवेची सुरुवात मानली जाते. आयोजकांचा अंदाज होता काही हजारांचा. आली मात्र तुफान गर्दी, ३० हजारांचा आकडा नेहमी सांगितला जातो. १९३६ मध्ये पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर झाली. १९८१ मध्ये तिथेच शेवटची फायनल झाली, तेव्हा ९० हजारांहून जास्त प्रेक्षक होते. मधल्या काळात चढउतार झाले. १९५० च्या दशकात गर्दी ओसरली, १९६५ मध्ये ब्रिटिश लीग सुरू झाली आणि खेळ पुन्हा उभा राहिला. म्हणजे एकदा पडून उठण्याची सवय या धंद्याला आहे.

आणि आता? विम्बल्डनमध्ये २००५ नंतर स्पीडवे नाही, आज त्या जागेवर फुटबॉलचं स्टेडियम उभं आहे. कोव्हेंट्रीचा संघ आपल्या जुन्या ट्रॅकवर २०१६ नंतर धावला नाही. स्विंडनमध्ये २०१९ चा हंगाम शेवटचा ठरला. वूल्व्हरहॅम्प्टन आणि पीटरबरो, दोन्हीकडे २०२३ मध्ये ट्रॅक शांत झाले. ब्रिटिश ग्रां प्री २००१ पासून कार्डिफच्या अवाढव्य स्टेडियमवर भरायची. २०२५ मध्ये ती मँचेस्टरच्या साधारण सहा हजार क्षमतेच्या स्टेडियमवर आली, दोन रात्रींची करून.

आता या दुकानाचा हिशोब तपासू.

हिशोब पहिला: १५ मिनिटं आणि १०५ मिनिटं

पंधरा हीट, प्रत्येकी साधारण एक मिनिट. म्हणजे प्रत्यक्ष शर्यत किती? १५ मिनिटं. सामना चालतो साधारण दोन तास, म्हणजे १२० मिनिटं. उरलेल्या १०५ मिनिटांत काय होतं? ट्रॅक नीट करणारा ट्रॅक्टर फिरतो, पाण्याचा टँकर फिरतो, कुणी पडलं तर डॉक्टर जातात, पुढचे चौघे तयार होतात. हे सगळं गरजेचं आहे, टाळता येत नाही.

पण गिऱ्हाईकानं तिकीट काढलंय १२० मिनिटांचं! जुना प्रेक्षक त्या वेळात छापील कार्यक्रमपत्रिकेत पेनानं निकाल भरत बसतो, शेजाऱ्याशी वाद घालतो, त्याला मजा येते. पहिल्यांदा आलेल्या कुटुंबाचं काय? आई मोबाईल काढते, पोरगं "घरी चला" म्हणतं. ते कुटुंब पुन्हा येत नाही. आणि जुना प्रेक्षक दर वर्षी एका वर्षानं म्हातारा होत असतो.

मी त्यांच्या जागी असतो तर आधी ही १०५ मिनिटं हातात घेतली असती. वेगवान शर्यत त्यांच्याकडे आधीच आहे, ती सुधारायची गरज नाही. सुधारायचं आहे ते थांबणं.

एक, दारात शिरणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला खेळ अर्ध्या मिनिटात सांगायचा. मी वर सांगितला तसा. एक कागद, एक पेन, हेल्मेटचे चार रंग. पेन हातात आलं की माणूस प्रेक्षक राहत नाही, खेळात उतरतो.

दोन, मोकळ्या वेळात रायडरच्या तंबूजवळ पोरांना न्यायचं. ब्रेक नसलेली गाडी हातभर अंतरावरून पाहिलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी शाळेत ती गोष्ट दहा जणांना सांगतं. ही फुकट जाहिरात आहे.

तीन, सामना किती वाजता संपेल हे तिकिटावरच छापायचं आणि पाळायचं. हे साधं वाटतं, पण त्याचं कारण दुसऱ्या हिशोबात आहे.

हिशोब दुसरा: दुकान उघडं कधी?

ब्रिटनच्या वरच्या लीगचे सामने गेली काही वर्षं मुख्यतः सोमवारी आणि गुरुवारी होतात. का? कारण चांगले रायडर एकाच देशात खेळत नाहीत. तेच लोक पोलंडमध्ये खेळतात, स्वीडनमध्ये खेळतात. पोलंडची लीग सगळ्यात श्रीमंत, ती शुक्रवार आणि रविवार घेते. ब्रिटनला उरलेले वार.

म्हणजे दुकानाची वेळ कुणी ठरवली? गिऱ्हाईकानं नाही, मालकानंही नाही. भाड्यानं आणलेल्या कारागिरांनी ठरवली! सोमवारी रात्री साडेसातला सामना, दुसऱ्या दिवशी पोरांची शाळा. ज्या वयाचं गिऱ्हाईक तुम्हाला पुढची ४० वर्षं हवंय, त्यालाच येता येत नाही.

इथे दोन्ही प्रश्न पहिल्यांदा एकमेकांना भिडतात. स्वतःचे कारागीर तयार नाहीत म्हणून बाहेरचे आणावे लागतात. बाहेरचे आणले की त्यांच्या सोयीनं दुकान उघडावं लागतं. त्यांच्या सोयीनं उघडलं की गिऱ्हाईक कमी होतं. गिऱ्हाईक कमी झालं की कारागीर तयार करायला पैसा उरत नाही. चक्र पूर्ण!

हिशोब तिसरा: आपला माणूस कोणता?

ब्रिटिश स्पीडवेत एखादा रायडर जखमी झाला किंवा दुसऱ्या देशात अडकला, तर ठराविक नियमांत बसवून दुसऱ्या संघाचा रायडर त्या दिवसापुरता घेता येतो. त्याला 'गेस्ट' म्हणतात. शिवाय एकच रायडर वरच्या आणि खालच्या लीगमध्ये दोन वेगळ्या संघांकडून खेळू शकतो. सामना चालू ठेवायला ही सोय कामाची आहे, मी नाकारत नाही. पण प्रेक्षकाच्या बाजूनं बघा. परवा ज्याच्या विरोधात घसा कोरडा केला, तोच आज आपल्या रंगात उभा!

तुमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये दर वेळी नवा माणूस कात्री धरून उभा असेल, तर तुम्ही जाल का? आपण दुकानात माणसासाठी जातो. खेळात तर ते शंभर टक्के खरं आहे.

पोरगा घडतो कसा?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. ब्रिटनमध्ये गुणी पोरं नाहीत असं कुणी म्हणत असेल, तर ते चूक आहे. टाय वॉफिन्डेन स्कन्थॉर्पमध्ये जन्मला, ऑस्ट्रेलियात वाढला, आणि ब्रिटिश लीगमधली त्याची सुरुवात तिसऱ्या पायरीच्या स्कन्थॉर्प संघातून झाली. पुढे २०१३, २०१५ आणि २०१८ अशा तीन वेळा तो जगज्जेता झाला. डॅन ब्यूली २०१६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू क्लबच्या ज्युनियर संघात होता. २०२२ मध्ये त्यानं कार्डिफची ग्रां प्री जिंकली. ब्रिटनच्या संघानं २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये मँचेस्टरलाच स्पीडवे ऑफ नेशन्स हे जागतिक विजेतेपद मिळवलं.

नीट बघा, दोघांची पहिली पायरी कोणती? तिसऱ्या दर्जाची लीग. छोटा संघ, छोटी गर्दी, चुका करायला मोकळीक. ती पायरी सगळ्यात स्वस्त दिसते, म्हणून पैसा आटला की सगळ्यात आधी तीच कापली जाते. आणि मग पाच वर्षांनी मालक विचारतो, "चांगली पोरं का मिळत नाहीत?"

या पोराचा धंदा कसा चालतो तेही समजून घ्या, कारण तो अगदी तुमच्यासारखा आहे. स्पीडवेचा रायडर पगारी नोकर नसतो. गाड्या त्याच्या, इंजिनं त्याची, टायर त्याचे, व्हॅन त्याची, मेकॅनिकचे पैसे त्याचे. कमाई मुख्यतः मिळवलेल्या गुणांवर. शेवटून पहिला आला तर भोपळा. हाड मोडलं तर दुकान बंद. सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर एका लघुउद्योजकाचा सगळा भार! ज्याच्या बापाकडे पैसा आणि व्हॅन आहे तोच टिकतो. बाकीचे कितीही गुणी असले तरी वर्ष-दोन वर्षांत घरी बसतात.

पोलंडमध्ये काय करतात? तिथल्या एक्स्ट्रालिगा या वरच्या लीगमध्ये प्रत्येक संघात २१ वर्षांखालचे दोन पोलिश रायडर असावेच लागतात. नियमच आहे. त्यामुळे ज्युनियर घडवणं हा धर्मादाय कार्यक्रम राहत नाही, जिंकण्याची गरज बनते. क्लब स्वतःच्या शाळा चालवतात, शिकणाऱ्या पोरांना गाड्या क्लबकडून मिळतात. गावचा पोरगा संघात असला की गाव स्टेडियमवर येतं. तिथली मोठी स्टेडियमं बऱ्याच ठिकाणी शहराच्या मालकीची आहेत, टीव्ही आणि प्रायोजकांचा पैसा मोठा आहे. हे सगळं ब्रिटनला उचलून आणता येणार नाही, मान्य. पण नियम बदलायला पैसा लागत नाही. ब्रिटननंही २०२१ पासून वरच्या लीगमध्ये तरुण रायडरसाठी 'रायझिंग स्टार' अशी राखीव जागा आणली. दिशा बरोबर आहे.

शिकवणाऱ्यालाच दंड?

एक अडचण मात्र अजून आहे, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ब्रिटिश लीगमध्ये संघ बांधताना सरासरीची मर्यादा असते. प्रत्येक रायडरची मागच्या कामगिरीवरून सरासरी निघते, आणि संघाची बेरीज ठराविक आकड्याच्या आत बसवावी लागते. हेतू चांगला आहे: सगळे संघ तुल्यबळ राहावेत, सामने चुरशीचे व्हावेत.

पण परिणाम बघा. तुम्ही एक कच्चा पोरगा घेतला. वर्षभर सांभाळला, तो सुधारला. त्याची सरासरी वाढली. थंडीत नवा संघ बांधताना बेरीज मर्यादेबाहेर जाते, आणि कुणाला तरी सोडावं लागतं. म्हणजे तुम्ही चांगलं शिकवलं, याची शिक्षा तुम्हालाच! गावानं ज्याचं नाव घ्यायला नुकतीच सुरुवात केली, तो पुढच्या मोसमात दुसऱ्या गावाचा.

माझं मत विचाराल, तर उपाय साधा आहे. ज्या क्लबनं रायडर स्वतः घडवला, त्या क्लबसाठी त्याची सरासरी बेरजेत कमी धरा. जितकी वर्षं सांभाळला तितकी सवलत. दुसऱ्या क्लबनं घेतला तर पूर्ण सरासरी लागू. एका दगडात दोन पक्षी: शिकवणाऱ्याला बक्षीस आणि प्रेक्षकाला ओळखीचा चेहरा.

दुसरा उपाय तर त्यांच्याच जुन्या कपाटात आहे. पूर्वी मुख्य सामना संपला की त्याच ट्रॅकवर ज्युनियर पोरांच्या शर्यती व्हायच्या, त्याला 'सेकंड हाफ' म्हणत. ती पद्धत हळूहळू मागे पडली. ती परत आणा, पण शेवटी नको. शेवटी माणसं गाड्या काढायच्या घाईत असतात. सामन्याच्या आधी आणि मधल्या रिकाम्या वेळात आणा. १०५ मिनिटांतली दहा मिनिटं भरली, पोराला गर्दीसमोर धावण्याची सवय लागली, आणि त्याचे आईबाप, मामा, मित्र, शाळेचा वर्ग तिकीट काढून आले. आज १२५ सीसीवर धावणारं पोरगं ज्यांनी पाहिलं, ते त्याला ५०० सीसीवर बघायला पाच वर्षं येत राहतील.

म्हणून मी सुरुवातीला म्हणालो, हे दोन प्रश्न एकच आहेत. घरचा कारागीर घडवणं हाच गिऱ्हाईक जोडण्याचा सगळ्यात टिकाऊ मार्ग आहे.

जागा कुणाची?

एवढं सगळं केलं आणि जागाच गेली तर? वर जे बंद ट्रॅक सांगितले, त्यांतले सगळे गर्दीअभावी बंद पडले नाहीत. वूल्व्हरहॅम्प्टनला प्रेक्षक होते. जागा कुत्र्यांच्या शर्यती चालवणाऱ्या कंपनीची होती, तिला ती पूर्णपणे स्वतःच्या धंद्यासाठी हवी होती. शहराजवळची मोठी जमीन म्हटली की बिल्डरचं लक्ष जातंच. भाडेकरूनं पन्नास वर्षं धंदा केला म्हणून जागा त्याची होत नाही.

मँचेस्टरनं वेगळा मार्ग धरला. शहराच्या मदतीनं २०१६ मध्ये खास स्पीडवेसाठी नॅशनल स्पीडवे स्टेडियम उभं राहिलं. पण उद्घाटनाच्या रात्री काय झालं? प्रेक्षक जमले, आणि रायडरना ट्रॅक सुरक्षित वाटला नाही. सामना रद्द! इमारत नवी, खुर्च्या नव्या, आणि ज्यासाठी लोक आले ती मातीच तयार नव्हती. पुढच्या हंगामापर्यंत क्लब चालवणारी मंडळीही बदलली. नंतर तोच ट्रॅक सुधारला, आणि २०२२ मध्ये बेल व्ह्यूनं लीग जिंकली. हॉटेल काढताना आधी फर्निचरवर खर्च करणाऱ्यांनी ही गोष्ट दोनदा वाचावी. आधी माती, मग खुर्च्या.

ऑक्सफर्डचा ट्रॅक २००७ नंतर बंद होता, तो २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. एवढ्या वर्षांनंतरही गिऱ्हाईक आठवण ठेवतं. पण त्याच्या आठवणीवर किती दिवस काढायचे, हा प्रश्न मालकानं स्वतःला विचारायचा.

आता तुमचा गृहपाठ

वही घ्या आणि पाच उत्तरं लिहा. मोबाईलवर नको, वहीतच.

१. तुमच्या गिऱ्हाईकाची '१५ मिनिटं' कोणती आणि '१०५ मिनिटं' कोणती? थांबण्याच्या वेळात त्याला काय मिळतं?

२. पहिल्यांदा आलेल्या माणसाला तुमचं काम अर्ध्या मिनिटात सांगता येतं का? घरच्यांसमोर घड्याळ लावून सांगून बघा.

३. तुमच्या दुकानाची वेळ कुणाच्या सोयीनं ठरली आहे? गिऱ्हाईकाच्या, कारागिराच्या की तुमच्या?

४. तुमच्याकडे शिकणाऱ्या पोराला गिऱ्हाईक नावानं ओळखतं का? तो चांगला झाल्यावर त्याला तुमच्याकडे राहण्यात काय फायदा आहे? "उपकार" हे उत्तर चालणार नाही. आकडा लिहा.

५. भाडेकरार कधी संपतो? मालकानं उद्या नाही म्हटलं, तर तुमच्यासोबत काय येईल आणि काय तिथेच राहील?

चौथ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ द्या. "शिकवलं आणि तो निघून गेला तर?" ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण न शिकवलेला माणूस तुमच्याकडेच राहिला तर काय होतं, तेही ब्रिटनच्या रिकाम्या झालेल्या ट्रॅकवर दिसतंय.

चला तर मग, वही उघडा. पुढच्या व्हिडिओत आपण चौथ्या उत्तराचं गणित फळ्यावर मांडून बघू: शिकाऊ पोराला पगारासोबत कामाच्या वाढीत वाटा कसा द्यायचा. तोपर्यंत, काम चालू ठेवा!